वाहूळकाकांची नरम बंदूक

माझ्या औषधाच्या दुकानात लोक काय काय मागतात याची मला सवय आहे. चिठ्ठी घरी विसरून "ती पिवळी गोळी द्या, मागच्या वेळची" म्हणणारे रोज येतात. पण "चामड्याला चालेल, लोखंडाला चालेल आणि जिचा धूर होणार नाही अशी क्रीम द्या," असं मागणारं गिऱ्हाईक मला वाहूळकाकांच्या रूपाने पहिल्यांदाच भेटलं. मी विचारलं, "लावायची कुठे?" काका गंभीरपणे म्हणाले, "बंदुकीला." शेजारी उभी असलेली बाई आपलं खोकल्याचं औषध न घेताच निघून गेली.

तसे काका मला परके नव्हते. सिडकोत आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत आणि गच्च्यांच्या मध्ये फक्त कमरेएवढा कठडा. आता ते लेकीकडे नाशिकला राहायला गेलेत आणि शेजारी नवे लोक आलेत. चांगले आहेत बिचारे, पण त्यांच्या गच्चीवर नुसते कपडे वाळतात. गच्चीवर दुसरंही काही होऊ शकतं हे त्यांना कोण सांगणार?

काका वैजापूरच्या तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. म्हणजे ऑफिसने त्यांना सोडलं होतं, त्यांनी ऑफिसला सोडलं नव्हतं. बारीक अंगकाठी, पांढरा फुल शर्ट आणि मे महिन्यातही मनगटाशी लावलेली बटणं. घरातलं मीठ संपलं की ते स्वयंपाकघरातून ओरडत, "मीठ निरंक!" माझ्या बायकोने कठड्यावरून धपाट्यांचं ताट दिलं की "पोच घ्या ताई" म्हणून रिकामं ताट धुऊन परत करत. कोणाची निंदा करायची झाली तर त्यांची सगळ्यात जहरी शिवी होती, "त्या माणसाचं प्रकरणच अपूर्ण आहे." मला ते नावाने हाक मारत नसत. मी मेडिकल चालवतो म्हणून मीच 'मेडिकल'.

यंत्रातलं मात्र त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. एक कॅलेंडर टांगायला त्यांनी एकदा तीन खिळे वाकवले होते आणि शेवटी ते दाराच्या कडीला अडकवलं होतं. असा माणूस बंदूक उघडून बसला यामागे कारण होतं. ते कारण म्हणजे विमलकाकू.

घरातली नेमबाज होती ती काकू. काकूंचं माहेर गंगापूरकडचं, गोदावरीच्या काठचं. लहानपणी ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकायची, हे त्यांचं काम. त्या सांगायच्या, "पाखराला नाय मारायचं. पाखराच्या बाजूच्या ज्वारीच्या ताटाला मारायचं. पाखरू उडलं पाह्यजे, पडलं नाय पाह्यजे." लग्न झाल्यावर वैजापूरच्या जत्रेत काका त्यांना हौसेने फुगे फोडायच्या दुकानावर घेऊन गेले. काकूंनी ओळीने सगळे फुगे फोडले. दुकानदाराने हात जोडून "वहिनी, आता पुढच्या दुकानावर जा" म्हटलं. काकांना त्याचा एवढा अभिमान वाटला, की बदलून चाललेल्या एका साहेबाची जुनी छऱ्याची बंदूक त्यांनी लगेच विकत घेतली. लाकडी दस्ता, लांब नळी. नळी मधून मोडून खाली दाबायची, की आतली स्प्रिंग आवळली जाते. मग छर्रा घालायचा, नळी सरळ करायची आणि घोडा ओढायचा. एवढंच यंत्र. त्यावर त्या दोघांचे किती रविवार गेले असतील!

रविवारी सकाळी गच्चीवर वाळूचं पोतं, त्याच्यापुढे तुपाचे, बिस्किटांचे रिकामे डबे. डबे मांडायचे काकांनी, मारायचे काकूंनी. काकूंचा नियम कडक होता, जीवावर नेम धरायचा नाही. कबुतरं येऊन डब्यावर बसली तर ती उडेपर्यंत त्या बंदूक मांडीवर घेऊन बसत. बुद्ध पौर्णिमेला तर बंदुकीला हातच नाही. निकाल जाहीर करणं हे काकांचं खातं. डबा पडला की "मंजूर!" आणि छर्रा चुकला की "त्रुटी! पूर्ततेसाठी परत!" मी टाकीत पाणी किती आहे ते बघायला गच्चीवर जायचो आणि अर्धा तास तिथेच रमायचो.

मग काकूंचं ऑपरेशन झालं. उजव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, पुढचे सगळे उपचार नीट झाले, तपासण्या चांगल्या आल्या. पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना आणि त्यातलं बळ गेलं. डॉक्टरांनी व्यायाम दिला होता. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढत हात वर न्यायचा. काकूंनी तो दोन दिवस केला आणि सोडून दिला. "पाल चढती तसं मी भिंतीवर चढू व्हय? ह्या वयात?" बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली.

त्या वर्षी नवरात्रात काकांनी खूप आर्जवं केली आणि आम्ही दोघं आणि ते दोघं असे चौघं कर्णपुऱ्याच्या यात्रेला गेलो. देवीचं दर्शन झालं आणि काका हळूच काकूंना फुग्यांच्या दुकानाकडे घेऊन गेले. काकूंनी बंदूक उचलली. नळी मोडायला गेल्या. ती हलेना. त्यांनी ती गुडघ्यावर घेऊन पाहिली, तरी हलेना. दुकानदार पोरगेलासा होता, चांगला होता. म्हणाला, "लाओ अम्मा, मैं भर को देतूं."

काकूंनी बंदूक फळीवर ठेवली. "दुसऱ्यानं भरलेली बंदूक मी मारत नाय."

परतताना रिक्षात त्या बाहेर बघत होत्या. क्रांती चौक मागे गेल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आता ते संपलं." दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दुकानात क्रीम मागायला उभे होते.

मला आधी वाटलं, बंदूक दुरुस्त करून शोभेला ठेवणार असतील. पण काकांचा बेत वेगळा होता. हात बंदुकीएवढा घट्ट होत नाही ना, मग बंदूक हाताएवढी सैल करायची. त्यांनी मला समजावून सांगितलं, "मेडिकल, तिनं डबे पाडावेत असं माझं म्हणणं नाय. तिनं सोताच्या हातानं ती नळी मोडावी, बस. न्हाईतर आता ती सगळ्यालाच संपलं म्हणायला लागली. परवा पुरणपोळीला म्हणाली. म्हणे आपल्याच्यानं पुरण वाटणं आता संपलं. हे असं एकएक करून सगळंच निकाली निघालं तर मी काय करू?"

एवढं बोलून त्यांनी इअरबड्सचं पाकीट घेतलं, ग्लिसरीनची बाटली घेतली, इंजेक्शनची एक रिकामी सिरिंज घेतली आणि गेले. सिरिंज कशाला, तर आतल्या फटीत तेलाचा एकच थेंब सोडायला. माझ्या दुकानातला निम्मा माल त्या हिवाळ्यात त्या बंदुकीने खाल्ला.

पहिलाच दिवस गाजला. अशा बंदुकीतली स्प्रिंग मुळातच दाबून बसवलेली असते. हे काकांना मागचा स्क्रू पूर्ण काढल्यावर समजलं. मी दुकान उघडायला निघालो होतो, तेवढ्यात गच्चीवरून "अगागा!" असा आवाज आला आणि मागोमाग माझ्या बायकोची किंकाळी. स्प्रिंग कठडा ओलांडून आमच्या गच्चीवर आली होती आणि नेमकी पाण्याच्या टाकीत पडली होती. तोही नळाचा दिवस! आमच्या शहरात नळाला पाणी कधी येतं ते पंचांगात बघावं लागतं. इतके दिवस वाट बघून काठोकाठ भरलेली टाकी आणि तिच्यावर जुन्या काळ्या तेलाचा इंद्रधनुष्यी तवंग. बायको टाकीपाशी कमरेवर हात ठेवून उभी. कठड्यापलीकडे काका, हातात रिकामी बंदूक.

"ताई," ते म्हणाले, "त्रुटी झाली."

"ती त्रुटी आता तुम्हीच प्या!" बायको म्हणाली.

पुन्हा नळ येईपर्यंत काका रोज सकाळी कठड्यावरून बादल्या देत राहिले. आमच्या आंघोळी त्यांच्या पाण्यावर झाल्या. काकू खालून विचारायच्या, "पाणी कुठं नेता?" काका सांगायचे, "शेजाऱ्यांचा अर्ज आलाय." खरी गोष्ट त्यांना सांगायची सोय नव्हती. बंदूक माळ्यावरून काढली हेच मुळी काकूंना माहीत नव्हतं, असं काकांना वाटत होतं. माझ्या बायकोचा आवाज ज्या घरात पोचला नाही असं घर त्या गल्लीत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यानंतर त्यांनी शेवयांच्या मशिनचा शिकंजा खाटेच्या कडेला आवळून त्यात बंदूक धरायची युक्ती काढली. स्प्रिंग मग सावकाश, एकेक आटा सोडत बाहेर यायची. आतलं चामड्याचं वायसर वाळून खारकेसारखं झालं होतं. ते अगदी स्टोव्हच्या पंपातल्या वायसरसारखंच असतं म्हणून काकांनी ते स्टोव्हवाल्याकडून बदलून आणलं आणि रात्रभर तेलात भिजवलं. जिथे लोखंड लोखंडाला खरवडत होतं तिथे पॉलिश पेपर लावून घासत बसले. तासन्‌तास. कॅलेंडर दाराच्या कडीला अडकवणारा माणूस तो हाच का, असा मला प्रश्न पडायचा.

स्प्रिंगसाठी ते मला जुन्या शहरात शहागंजला घेऊन गेले. तिथे एक म्हातारे चाचा गाड्यांच्या, मशिनींच्या कमानी आणि स्प्रिंगा बनवतात. काकांनी जुनी स्प्रिंग पुढे केली आणि म्हणाले, "अशीच, पण नरम."

चाचांनी चष्मा वर केला. "नरम? मियाँ, बंदूक की कमान कड़क करने को लोगां आते. नरम करने को आज तक कोई नईं आया."

"मी आलो ना."

"काय को पन?"

काका चाचांच्या जवळ सरकले. मग म्हणाले, "घरवाली का हाथ दुखता है." चाचांनी चष्मा खाली घेतला. तार बदलली, पातळ घेतली. वर एक आटा जास्त ठेवून सांगितलं, "ज्यादा लगी तो काट लेना. कटी हुई मैं जोड़ नहीं सकता."

आमच्या गल्लीत वाळूजच्या एका कंपनीत इंजिनिअर असलेले एक गृहस्थ आहेत. त्यांना कोणतंही यंत्र दिसलं की त्याचा जोर वाढवावासा वाटतो. ते काकांना म्हणाले, "अहो, उलट करताय तुम्ही. मी दुप्पट जोराची स्प्रिंग आणून देतो, छर्रा पत्र्यातून आरपार जाईल." काका नम्रपणे म्हणाले, "साहेब, पत्र्यानं आमचं काय वाकडं केलंय?"

आता सांगतो ती गोष्ट काकूंनीच आम्हाला सांगितली आणि सांगताना त्यांना इतकं हसू येत होतं की मध्ये दोनदा पाणी प्यावं लागलं.

नवी स्प्रिंग बसली, पण घोडा ओढला की आत 'टण्ण' असा आवाज घुमायचा. स्प्रिंग आतल्या आत थरथरायची. काकांनी मोबाइलवर कुठेतरी पाहिलं, की तिच्याभोवती प्लॅस्टिकची पातळ गुंडाळी घातली की आवाज बसतो. कोल्ड्रिंकची बाटली कापून पाहिली, ती पातळ पडली. पिशवी तर विरघळल्यासारखी झाली. मग कपाटात त्यांना जाड, गुळगुळीत, नेमक्या मापाचं प्लॅस्टिक सापडलं. त्यांनी ते कात्रीने कापलं, गुंडाळलं, बसवलं. आवाज एकदम बंद. काका खूश.

महिन्याभराने काकूंची तपासणी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जुना छातीचा एक्स-रे दाखवा, शेजारी ठेवून बघते." काकूंनी पिशवी उलटीपालटी केली. एक्स-रे नाही. काका खुर्चीत हळूहळू खाली सरकायला लागले.

"अहो, एक्स-रे कुठंय?"

"तो," काका म्हणाले, "वापरात आहे."

"कशात वापरात आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बंदुकीत."

काकूंनी आधी कपाळावर हात मारला. "माझी छाती बंदुकीत घातली व्हय ह्या माणसानं!" आणि मग त्या हसायला लागल्या. डॉक्टरीणबाई हसल्या, दारातली नर्स हसली. ऑपरेशन झाल्यापासून काकू पहिल्यांदा पोटातून हसल्या होत्या, हे काकांनी मला नंतर दुकानात येऊन सांगितलं. मी उगाच काउंटरवरच्या गोळ्या इकडच्या तिकडे केल्या.

डॉक्टरीणबाई हुशार निघाल्या. सगळी हकिकत ऐकून काकूंना म्हणाल्या, "भिंतीचा व्यायाम आवडत नाही ना? मग हा करा. पूर्ण नको, जेवढी नळी जाईल तेवढीच. दुखलं की सोडा." काकूंनी रिपोर्टांची पिशवी उचलली आणि उठल्या. घरी आल्यावर त्यांनी तो विषयच काढला नाही.

काकांनीही विचारलं नाही. ते म्हणत, "विचारलं की ती फेटाळती. फेटाळलं की अपील नाय." त्यांनी फक्त बंदूक गच्चीवर सावलीत, खुर्चीला टेकवून ठेवायला सुरुवात केली. नळीला हात घसरू नये म्हणून टोकाला एक फडकं गुंडाळून बांधलेलं. आणि काका मुद्दाम खाली भाजी आणायला जात. मी माझ्या गच्चीवरून बघायचो. काकू येत, इकडेतिकडे बघत, बंदूक उचलून दस्ता मांडीत धरत आणि नळी दाबत. ती थोडी खाली यायची आणि थांबायची. मग त्या ती हळूच वर सोडत, सुटलेलं फडकं पुन्हा बांधत आणि खाली जात. काका फडक्याची गाठ सरळ मारत, काकू उलटी. काका परत येऊन आधी गाठ बघत. उलटी दिसली की त्यांचा चेहरा खुलायचा. मग शिकंजा, करवत आणि स्प्रिंगचा आणखी थोडा आटा कमी.

असं सगळा हिवाळाभर चाललं. एकाच घरातली दोन माणसं एका बंदुकीच्या मार्फत एकमेकांशी बोलत होती आणि जेवताना मात्र भाजीत मीठ कमी पडलं यावर भांडत होती.

तरी शेवटचा थोडासा दाब काकूंच्या हाताला जाईना. स्प्रिंग आणखी कापली तर छर्रा नळीतच राहील अशी वेळ आली. काका हिरमुसले. दुकानात येऊन नुसते बसून राहत. एके दिवशी जालना रोडला एक रिक्षावाला चाकाचा गंजलेला नट काढत होता. पान्हा हलेना म्हणून त्याने पान्ह्याला लांब पाइप घातला आणि एका हाताने नट फिरवला. काका ते बघत उभे राहिले आणि तसेच हार्डवेअरच्या दुकानात गेले. नळीवर बसेल असा हातभर पाइप घेऊन आले. लांब दांडा, कमी जोर. शाळेत आपण सगळेच शिकतो, पण शिकलेलं वापरायला कारण लागतं.

आणि मग तो शुक्रवार. मी सकाळी टाकी बघायला वर गेलो होतो. काका पोत्यापुढे उकिडवे बसून तुपाचा डबा मांडत होते. उगाचच मांडत होते, रोजच्यासारखा. काकू चहाचा कप घेऊन वर आल्या. कप कठड्यावर ठेवला. जिन्याच्या तोंडाशी काकांच्या चपला होत्या, त्या पायाने बाजूला केल्या आणि खुर्चीवर बसल्या. आज काका समोर होते तरी त्यांनी बंदूक मांडीवर घेतली. पाइप नळीवर चढवला. उजवा हात दांड्याच्या टोकाला लावला, ओठ दाबले आणि खाली ओढला.

नळी गेली, गेली, गेली आणि आत 'टक्' असं वाजलं.

काका डब्याला धरून तसेच बसले होते. काकू त्यांना म्हणाल्या, "सरका की. डबा मारू का तुम्हाला मारू?"

काका सरकले. काकूंनी पाइप काढला, छर्रा घातला, नळी सरळ केली, नेम धरला. 'फुस्स' असा आवाज आला. छर्रा सावकाश गेला, डब्याला 'टिक' करून लागला आणि खाली पडला. डबा जागचा हललासुद्धा नाही. मी टाकीत डोकं घालून पाणी बघायला लागलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि बायको जिन्यात होती.

"ही बंदूक हाय का फुंकणी?" काकूंचा आवाज आला. "चूल पेटवायला न्यायची का काय? एवढं घासघासून हे केलं तुमी? जरा कडक करा हिला."

"कडक?" काका म्हणाले.

"मग? डबा पडला पाह्यजे का नको?"

काका उठले. तडक जिना उतरले. खाली दार वाजलं, स्कूटरला किक बसली. मी कठड्यावरून वाकून ओरडलो, "काका, आज शुक्रवार! चाचांचं दुकान बंद असतं!"

"त्यांच्या घरी जातो!" काका खालून ओरडले. माणूस अनवाणीच निघाला होता.

"अहो, चपला!" काकू ओरडल्या. त्यांनी जिन्याच्या तोंडाशी पडलेली एक चप्पल उचलली आणि खालून दिसावी म्हणून कठड्याशी येऊन वर धरली. उजव्या हातात. कोपर सरळ, हात थेट डोक्याच्या वर. त्यांना स्वतःला पत्ताच नव्हता.

काकांनी वर बघितलं आणि स्कूटर बंद केली. गल्लीत मधोमध, पाय जमिनीला टेकवून, ते तसेच वर बघत राहिले. मागून एक रिक्षा हॉर्न वाजवत होती, ती त्यांना ऐकूच येत नव्हती.

"बघता काय नुसतं?" काकू म्हणाल्या. "टाकू का खाली?"

"थांब," काका म्हणाले. "अशीच धर जरा."